एका गुणाचं गाव

इतिहासाच्या पेपरात आमचं गाव एका गुणाला यायचं. 'सुर्जी-अंजनगावचा तह केव्हा झाला?' उत्तर : ३० डिसेंबर १८०३. बाकीच्या महाराष्ट्रातली पोरं ही तारीख घोकून पाठ करत असतील. आम्हाला ती घोकावी लागली नाही. शहानूर नदीच्या काठच्या या जोडगावात जन्मलेल्या पोराला ती आपल्या आडनावासारखीच येत असे. आडगावला २९ नोव्हेंबरला लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि पुढच्या पंधरा दिवसांत दौलतराव शिंदे आणि ईस्ट इंडिया कंपनीचा सेनापती आर्थर वेलस्ली यांच्यातला तह आमच्या गावी झाला. आकाश स्वच्छ असलं की गाविलगडाकडचे सातपुड्याचे डोंगर गावातून दिसत. गुरुजी खिडकीबाहेर हात करून तो धडा शिकवायचे.

सहामाहीत तो प्रश्न हमखास असायचा. पेपर वाटून झाला की वर्गात खसखस पिकायची, कारण शेवटच्या बाकावरच्या पोरालाही हे उत्तर यायचं. आज मागे वळून पाहताना जाणवतं की त्या एका गुणावरून आमच्यात कधी धुसफूस झाली नाही. तो सगळ्यांनाच मिळायचा. मला मिळाला म्हणून शेजारच्याचा बुडत नव्हता आणि त्याला मिळाला म्हणून माझ्या गुणाची किंमत कमी होत नव्हती.

तहाचं मात्र तसं नव्हतं. त्या तहात शिंद्यांकडून गंगा-यमुनेचा दुआब गेला, दिल्ली-आग्र्याचा मुलूख गेला, भडोच गेलं, अहमदनगर गेलं. त्यांचं जेवढं गेलं तेवढंच कंपनीच्या बाजूला मिळालं. जमिनीचं असंच असतं. बांध एक हात सरकला तर कुणाचा तरी एक हात जातो. हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. विद्येचा बांध मात्र असा नसतो, हेही आम्हाला त्या वयात कुणी सांगावं लागलं नाही. ते आम्ही पुढे विसरलो. मी विसरलो. ती गोष्ट सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो आहे.

'ग्रेड' हा शब्द मी पहिल्यांदा कॉलेजात ऐकला नाही, कापूस खरेदी केंद्रावर ऐकला. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. हंगामात केंद्राबाहेर बंड्यांची रांग लागायची. कधी कधी आख्खी रात्र रांगेत जायची. बंडीखाली बैल रवंथ करत बसलेले, कापसावर घोंगडी पांघरून झोपलेलो मी, आणि खाली शेकोटीपाशी बाबा आणि इतर शेतकरी. सकाळी ग्रेडर यायचा. बंडीत हात खोल घालून मूठभर कापूस काढायचा, बोटांनी धागा ओढून पाहायचा, ओलावा बघायचा, कवडी-कचरा बघायचा आणि एक शब्द उच्चारायचा. त्या एका शब्दावर आमच्या घरचं वर्ष ठरायचं. बाबांचा चेहरा त्या क्षणी कसा व्हायचा ते मला अजून आठवतं. पुढे मी अनेक परीक्षा दिल्या, पण निकालाची भीती म्हणजे काय हे मी त्या चेहऱ्यावर शिकलो.

तरीही एक गोष्ट होती. ग्रेडर आमच्या बंडीतला कापूस आमच्या बंडीपुरता पाहायचा. मागच्या बंडीतला धागा लांब निघाला म्हणून आमचा धागा आखूड होत नव्हता. म्हणून तर रात्री शेकोटीपाशी बसलेले ते सगळे एकमेकांना सांगू शकत होते, की कोणत्या वाणाचा धागा चांगला येतो, वेचताना पाला कसा टाळायचा, दवाचा कापूस किती वेळ उन्हात पसरायचा. सकाळी सगळ्यांचीच परीक्षा होती आणि रात्री सगळे मिळून अभ्यास करत होते.

दुसरी प्रतवारी घरी व्हायची. अंजनगाव पानमळ्यांचं गाव. आमचाही लहानसा मळा होता. खुडलेली पानं घरी आली की आजी ओल्या फडक्यावर ती पसरायची आणि निवडायला बसायची. मोठी एकीकडे, मध्यम एकीकडे, डागाळलेली बाजूला. तिचं माप म्हणजे तिचा तळहात. प्रत्येक पान ती तळहातावर ठेवायची, एका नजरेत बघायची आणि त्याच्या ढिगावर ठेवायची. एखाद्या दिवशी सगळीच पानं मोठी निघायची, मग एकच उंच ढीग व्हायचा. ढीग सारखे दिसावेत म्हणून तिने कधी चांगलं पान मधल्या ढिगात टाकलं नाही.

मी १९९१ मध्ये बारावी होऊन इंजिनिअरिंगला गेलो. अंजनगावच्या स्टेशनावरून शकुंतला या छोट्या लाइनच्या गाडीत बसलो. तेव्हा तिला वाफेचं इंजिन होतं, डिझेलचं १९९४ मध्ये आलं. मूर्तिजापूरला उतरून मोठ्या लाइनची गाडी पकडायची. निरोप द्यायला आलेल्यांत शेजारचे होते, शाळेचे गुरुजी होते, मळ्यातले लोक होते. माझ्या ट्रंकेतली भौतिकशास्त्राची तिन्ही पुस्तकं गावातल्या एका थोरल्या पोराची होती आणि गणिताच्या वह्या दुसऱ्याच्या. मी एकट्याच्या बळावर त्या गाडीत बसलो नव्हतो.

ती संस्था देशातल्या नामवंत संस्थांपैकी होती. तिथले शिक्षक विद्वान होते आणि मला जे येतं त्यातलं पुष्कळ त्यांनीच शिकवलं. पण पहिल्याच आठवड्यात थोरल्या मुलांनी एक शब्द कानावर घातला : 'रिलेटिव्ह'. इथे तुम्हाला किती गुण पडले हे महत्त्वाचं नाही, वर्गाच्या सरासरीपासून तुम्ही किती वर किंवा खाली आहात त्यावर ग्रेड ठरते. सरासरी चाळीस असेल तर पंचेचाळीसवाला बरा. सरासरी सत्तर असेल तर पासष्टवाला घसरला. सगळ्यात वर 'एए', मग 'एबी', 'बीबी' असं उतरत 'डीडी' आणि शेवटी 'एफएफ', म्हणजे नापास. या पद्धतीलाही कारण आहे. पेपर कधी अवघड निघतो, कधी सोपा; एक शिक्षक सढळ, दुसरा कडक. वर्गाशी वर्गाची तुलना केली की तो चढउतार निघून जातो. हिशेब म्हणून त्यात खोट नाही.

पण हा हिशेब वसतिगृहात शिरला की काय होतं ते मी पाहिलं. क्विझच्या आदल्या रात्री खोलीचं दार बंद होऊ लागलं. 'तुझं किती झालं?' या प्रश्नाला 'काहीच नाही यार' हे एकच उत्तर ठरून गेलं, मग विचारणाऱ्याच्या आणि सांगणाऱ्याच्या टेबलावर कितीही वह्या भरलेल्या असोत. कुणी पहाटे तीनला उठून मेणबत्ती लावून वाचायचा, म्हणजे दाराच्या फटीतून उजेड दिसू नये. अठरा-एकोणीस वर्षांची, आपापल्या गावची हुशार, आपापल्या आईबापांची लाडकी पोरं ही. त्यांच्यात मुळात काही वाईट नव्हतं. माझ्यातही नव्हतं असं मला वाटत होतं.

दुसऱ्या वर्षी द्रवगतीशास्त्राच्या विषयाला सरांनी एक संदर्भग्रंथ सांगितला आणि 'त्यातली गणितं करून या' असं म्हणाले. ग्रंथालयात त्याच्या दोन प्रती होत्या. एक कधीच बाहेर गेलेली. दुसरी माझ्या हाती लागली. त्या दिवशी माझ्या कार्डावर आणखी पुस्तक मिळणार नव्हतं. मी तासभर तिथेच बसून गणितं उतरवून घेतली. मग उठलो आणि ते पुस्तक त्याच्या जागी ठेवण्याऐवजी मागच्या बाजूला, खनिजशास्त्राच्या जुन्या अहवालांच्या रांगेमागे आडवं सरकवून दिलं. तिथे कुणी जात नसे. हे करताना माझा हात थरथरला नाही. दुसऱ्या दिवशी येऊन उरलेली गणितं करीन, एवढंच मी मनाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी गेलोही नाही.

समोरच्या खोलीतला मुलगा तीन दिवस ते पुस्तक शोधत होता. त्याने मलाही विचारलं. मी म्हणालो, "इश्यू झालं असेल कुणाला तरी."

मला 'एए' मिळाला. त्याला 'एफएफ'. फक्त त्या पुस्तकामुळेच असं झालं असं मी म्हणत नाही. ते मला कधीच कळणार नाही. पण पेपरात दोन प्रश्न त्याच गणितांवर होते हे मला माहीत होतं.

सुटीत घरी आलो. आजी ओसरीवर पानं निवडत बसली होती. मी तिला सांगितलं, "आजी, मी वर्गात पहिल्या पाचात आलो." तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला, बोटं कानशिलावर मोडली. "बरं झालं बाप्पा," म्हणाली. मग पुढचं पान तळहातावर घेत तिने सहज विचारलं, "अन् तुह्या संगचे पोट्टे? ते झाले का रे पास सारे?"

मला उत्तर देता आलं नाही. तिच्या मनात कोणताही आरोप नव्हता. मळ्याला पाणी आलं का, शेजाऱ्याच्या मळ्यालाही आलं का, हे जसं ती एका दमात विचारायची तसंच तिने हे विचारलं होतं. पंगतीला बसलेल्या माणसाने शेजारच्या पानावर वाढलं आहे ना हे बघून मग घास घ्यावा, ही तिची रीत. पहिल्या पाचात येणं म्हणजे बाकीचे मागे राहणं, हे तिच्या हिशेबात बसतच नव्हतं.

त्या रात्री मी पुष्कळ वेळ जागा होतो. परत गेल्यावर पहिल्या दिवशी ग्रंथालयात जाऊन खनिजशास्त्राच्या रांगेमागून ते पुस्तक काढलं. वर धूळ बसली होती. शेवटच्या पानावर तारखांचे शिक्के मारायची चिठ्ठी असते, ती मी उघडून पाहिली. त्या संपूर्ण सत्रात एकही शिक्का पडला नव्हता. म्हणजे ते पुस्तक कुणीच वाचलं नाही. त्यानेही नाही आणि मीही नाही.

पुढे अनेक वर्षांनी वाचनात दोन जन्मतारखा एकमेकींजवळ आल्या आणि ही गोष्ट मला पुन्हा आठवली. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म १६ फेब्रुवारी १८७६ चा, कोकणात दापोलीजवळच्या मुर्डीचा. गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, आमच्याच अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा. मध्ये फक्त सात दिवस.

परांजप्यांनी १८९९ साली केंब्रिजची गणिताची ट्रायपॉस परीक्षा दिली. त्या काळी गुणांची याहून जीवघेणी चढाओढ जगात क्वचितच असेल. निकाल जाहीरपणे, क्रमाने, नावानिशी वाचून दाखवत. पहिल्या वर्गातले ते रँग्लर आणि त्यांतला पहिला तो सीनिअर रँग्लर. यादीच्या तळाशी राहिलेल्याला भर समारंभात सज्जातून दोरीने लाकडी चमचा सोडून देत. तयारीसाठी खासगी शिकवण्या होत्या आणि आजच्या क्लासचालकांसारखे नावाजलेले शिकवणारेही होते. त्यांतला सर्वांत यशस्वी एडवर्ड राऊथ. १८५४ साली तो स्वतः सीनिअर रँग्लर झाला होता. त्या वर्षी दुसरा आलेला मुलगा म्हणजे जेम्स क्लार्क मॅक्सवेल. विजेचं आणि चुंबकत्वाचं गणित ज्याने जगाला दिलं, तो त्या यादीत दुसरा होता. १८९८ सालच्या यादीत गणितज्ञ जी. एच. हार्डी चौथा आला आणि पुढे याच परीक्षेच्या सुधारणेसाठी तो झगडला. १९०९ नंतर केंब्रिजने क्रमवारी लावणं बंद केलं. वर्ग राहिले, पण वर्गातला कितवा हे सांगणं थांबलं. त्यामुळे केंब्रिजचं गणित दुबळं झालं नाही.

परांजपे सीनिअर रँग्लर झालेले पहिले भारतीय. पण ती पहिली जागा त्या वर्षी विभागून दिली गेली होती. जॉर्ज बर्टविसल नावाचा विद्यार्थी त्यांच्या बरोबरीला होता. त्या जागेवर दोघं मावले. आणि कोकणातल्या खेड्यातून परांजपे तिथवर पोचले त्यामागे नात्यातल्या धोंडो केशव कर्व्यांचा हात होता. त्यांनीच या हुशार मुलाला शिक्षणाची वाट दाखवली. एवढा क्रमांक मिळवून परत आल्यावर या माणसाने केलं काय? डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य महिना ७५ रुपयांवर काम करत. परांजप्यांनी तेच पत्करलं, १९०२ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले आणि वर्षानुवर्षं पोरांना गणित शिकवत राहिले. जो क्रमांक सहसा एकालाच मिळतो तो त्यांनी मिळवला आणि आयुष्य अशा कामाला लावलं जे वाटल्याने वाढतं.

सात दिवसांनी धाकटा असलेला डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजेच पुढचे गाडगेबाबा, शाळेत गेला नाही. मूर्तिजापूरकडच्या दापुऱ्याला मामाकडे वाढला, गुरं राखली, शेत कसलं आणि पुढे हाती खराटा घेऊन महाराष्ट्रभर फिरला. धर्मशाळा बांधल्या, शाळांना बळ दिलं, आणि भांडी मोडा, हातावर भाकर घेऊन खा पण पोरांना शिकवा असं गावोगाव सांगितलं. त्यांचं कीर्तन प्रश्न विचारत विचारत चालायचं. बाबा प्रश्न टाकायचे आणि समोरचे हजारो लोक एका आवाजात उत्तर द्यायचे. तो भला मोठा वर्गच होता, आणि त्या वर्गातलं उत्तर सगळ्यांचं मिळून एक असे. आमच्या शाळेतल्या त्या एका गुणाच्या प्रश्नासारखं.

१ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झालं आणि पुढे त्याला संत गाडगेबाबांचं नाव दिलं गेलं. आज वऱ्हाडातल्या हजारो पोरापोरींच्या गुणपत्रिकेवर वरच्या ओळीत त्यांचं नाव असतं. ज्यांना स्वतःला कधी गुणपत्रिका मिळाली नाही त्यांच्या नावाखाली आपले गुण छापलेले असतात. ती गुणपत्रिका हातात घेताना पहिली ओळ वाचावी, मग खालचे आकडे वाचावेत, असं मला मनापासून वाटतं.

मी परीक्षांच्या विरोधात नाही. माझ्यासारख्या पानमळ्यातल्या पोराला त्या मोठ्या संस्थेचं दार गुणांनीच उघडलं. तिथे ओळख चालली नाही, वशिला चालला नाही, आडनाव चाललं नाही. गुण नसते तर ते दार आमच्यासाठी कधीच उघडलं नसतं, हे मी विसरणार नाही. पुलावरून आपली माणसं जाणार आहेत, तर तो बांधणाऱ्याला गणित येतं की नाही हे तपासलंच पाहिजे. माझं म्हणणं मापाविषयी आहे. आजीसारखा तळहात धरून मापा. पूल बांधायला जेवढं गणित लागतं तेवढं येतं का, एवढं बघा. सगळ्यांनाच येत असेल तर सगळ्यांना वरची ग्रेड द्या; त्या दिवशी एकच ढीग उंच होऊ द्या. वरच्या ढिगात इतकीच पानं बसतील असं आधी ठरवलं की पोरं पानं वाढवायचं सोडून दुसऱ्याची पानं खुडू लागतात.

वरच्या जागा अशा आधी ठरवून ज्यांनी पाहिल्या त्यांनाही हे कळलं आहे. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाने २००४ साली ठरवलं की 'ए' ग्रेड साधारण पस्तीस टक्क्यांच्या वर जाऊ नयेत. हेतू चांगला होता. ग्रेड फार स्वस्त झाल्या होत्या. पण मुलांनी त्या आकड्याचा अर्थ ठरावीक जागा असाच घेतला, ताण वाढला, आणि दहा वर्षांनी, २०१४ मध्ये, विद्यापीठाने तो आकडा मागे घेतला. आपल्याकडेही आता दहा गुणांची श्रेणीपद्धत आणि सीजीपीए, म्हणजे सगळ्या सत्रांच्या श्रेणींची सरासरी, सगळीकडे आले आहेत. अंजनगावच्या चहाच्या टपरीवर पोरं दोन दशांशांपर्यंत आकडे बोलतात. नोकरी द्यायला कंपनी येते ती विशिष्ट सीजीपीएच्या खाली अर्जच घेत नाही, म्हणून त्यांना हे आकडे बोलावे लागतात. मी त्यांना दोष देत नाही. पण त्याच कंपनीत रुजू झाल्यावर पहिल्या दिवसापासून त्यांना चौघांत मिसळून काम करावं लागतं. ते शिकायच्या वयात आपण त्यांना वह्या लपवायला लावतो.

वऱ्हाडात एक जुनी रीत आहे, सावड. ज्याच्याकडे एकच बैल तो दुसऱ्या एकबैल्याशी सावड करतो. आज तुझं वावर, उद्या माझं. पेरणीचा वाफसा दोन-चार दिवसांचा असतो आणि एकट्याने तो साधत नाही, म्हणून ही रीत पडली. अभ्यासालाही असाच वाफसा असतो. दुसऱ्याला समजावून सांगताना मला जे गणित कळलं ते एकट्याने दहा वेळा सोडवून कळलं नव्हतं, हा माझा अनुभव आहे. शेवटच्या दोन वर्षांत मी समोरच्या खोलीतल्या त्या मुलाबरोबरच अभ्यास केला. माझी ग्रेड थोडी उतरली आणि विषय पहिल्यांदा कळू लागले.

निरोपाच्या रात्री मी त्याला त्या पुस्तकाचं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारलं, "कोणत्या रांगेत होतं?" मी सांगितलं. तो म्हणाला, "मी तिथेच बसायचो. त्या कपाटाला पाठ लावून."

आता आजी नाही, शकुंतला थांबली आहे, आमचा मळाही राहिला नाही. दरवर्षी जून-जुलैत गावातली काही पोरं-पोरी पुण्याला, नागपूरला, त्याहून लांब शिकायला निघतात आणि जाण्याआधी भेटायला येतात. मी त्यांना अभ्यासाच्या युक्त्या सांगत नाही. त्या त्यांना माझ्याहून चांगल्या येतात. मी त्यांना एकच मागतो, आणि हे वाचणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला आणि त्याच्या आईबापांनाही तेच मागतो. पुस्तक वाचून झालं की जागेवर ठेवा. कुणी वही मागितली तर द्या. आणि पोरगं निकाल घेऊन घरी आलं की त्याचा आकडा विचारून झाल्यावर, त्याच्या संगची पोरंही पास झाली का, तेवढं जरूर विचारा.